बारावीचं इंग्रजी 'युवकभारती': निवड चांगली, वापर चुकतो

जूल व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या कादंबरीत आपलं ठाणं आहे. दहाव्या प्रकरणात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सांगताना तो म्हणतो की गाडी मुंबईहून निघते, साष्टीतून जाते, 'टॅना'समोर मुख्य भूमीवर येते आणि मग सह्याद्री ओलांडते. कादंबरीतला काळ १८७२ चा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १८५३ साली, म्हणजे लोहमार्ग तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत ही कादंबरी नेमलेली आहे, पण उतारा आहे शेवटाकडचा, लंडनमधला. त्यामुळे ठाण्याच्या ज्युनिअर कॉलेजातलं मूल कादंबरीचा नायक फिलियस फॉग याच्या स्वभावावर चार गुणांचं उत्तर लिहितं, आणि हा गृहस्थ आपल्याच रुळांवरून गेला होता याचा त्याला पत्ता नसतो.

या पुस्तकाचं बळ आणि त्याची उणीव, दोन्ही या एका उदाहरणात दिसतात. निवड करणाऱ्यांनी माल चांगला आणला आहे. पण वर्गात, क्लासमध्ये आणि गाईडमध्ये त्याची प्रश्नपेढी होते.

आधी हिशेब. बालभारतीचं हे पुस्तक २०२० साली आलं. कला, वाणिज्य आणि विज्ञान तिन्ही शाखांना तेच. विकत घेण्यापूर्वी आपल्या बॅचला हेच आहे ना, एवढं कॉलेजात विचारून घ्यावं. चार विभाग आहेत: आठ गद्य पाठ, आठ कविता, लेखनकौशल्यं आणि कादंबरी. अकरावीच्या पुस्तकात चौथा विभाग नाटकाचा आहे, बारावीत त्याची जागा कादंबरीने घेतली आहे. लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० तोंडी आणि अंतर्गत कामाचे. या ८० मध्ये गद्य आणि वाचनाला ३४, कवितेला १४, लेखनाला १६ आणि कादंबरीला १६.

हा ३४ चा आकडा फसवा आहे. तो बघून मुलं गद्य पाठांवर तुटून पडतात. प्रत्यक्षात पुस्तकातल्या पाठांवरचा उतारा फक्त १२ गुणांचा असतो. ४ गुण भाषाभ्यासाचे, आणि राहिलेले १८ पूर्वी न पाहिलेला उतारा, सारांश आणि माइंड मॅप यांचे. म्हणजे आठ लांबलचक पाठांना १२ गुण आणि आठ छोट्या कवितांना १४. बहुतेक कविता पाच मिनिटांत वाचून होतात. वेळ आणि गुण यांचं गणित मांडलं तर कवितेइतका फायद्याचा विभाग या पुस्तकात दुसरा नाही, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोच.

कवितांची निवड पुस्तकातली सर्वांत उजवी बाजू. वॉल्ट व्हिटमन, सरोजिनी नायडू, रॉबर्ट साउदी, एडगर गेस्ट, दिलीप चित्रे, डब्ल्यू. एच. डेव्हिस, बायरन आणि अरुणाचलच्या ममंग दाई. या एका यादीत मुक्तछंद आहे, पोवाड्याच्या जवळ जाणारं कथाकाव्य आहे, चोख वृत्तातली प्रेमकविता आहे आणि दोन आधुनिक भारतीय आवाज आहेत. कविता वाचायची रीत ठरवून घ्या. एका आठवड्याला एक कविता, तीन वेळा मोठ्याने. पहिल्यांदा हातात पेन्सिल नको. दुसऱ्यांदा फक्त ओळींच्या शेवटच्या शब्दांखाली रेघ. तिसऱ्यांदा अलंकारांच्या खुणा. आठ आठवड्यांत विभाग संपतो आणि दिवाळीच्या सुट्टीआधी एक उजळणीही होते.

यमकाची रचना विचारली की सर्वाधिक घोटाळा होतो. मुलं सवयीने 'एबीएबी', म्हणजे एकाआड एक ओळी जुळणारी रचना, लिहून मोकळी होतात. या आठ कवितांत साधी 'एबीएबी' जवळजवळ भेटतच नाही. साउदीची 'इंचकेप रॉक', नायडूंची 'इंडियन वीव्हर्स' आणि गेस्टची कविता या तिन्ही 'एएबीबी', म्हणजे दोन-दोन ओळींची जोडी. बायरनच्या सहा ओळींच्या कडव्यात 'एबीएबीएबी'. डेव्हिसच्या 'मनी'मध्ये फक्त दुसरी आणि चौथी ओळ जुळते, म्हणून 'एबीसीबी'. व्हिटमन, चित्रे आणि दाई यांच्याकडे यमकच नाही, तिथे 'फ्री व्हर्स' एवढंच लिहायचं. मुक्तछंदाच्या कवितेला ओढूनताणून यमक चिकटवलं की कविता वाचलेलीच नाही हे तपासणाऱ्याला एका नजरेत कळतं.

'इंचकेप रॉक' वर्गात सहसा 'करावे तसे भरावे' एवढ्यावर उरकली जाते. ती चार-चार ओळींच्या १७ कडव्यांची आहे आणि तिची सगळी मजा बांधणीत आहे. सुरुवातीला समुद्र इतका स्तब्ध की जहाज हलत नाही, शेवटी दाट धुकं आणि काहीच न दिसणं. मधे एका माणसाने निव्वळ असूयेपोटी खडकावरची घंटा तोडलेली. पहिल्या दोन आणि शेवटच्या सहा कडव्यांतली हवामानाची वर्णनं शेजारी शेजारी लिहून काढा, रसग्रहणाला लागणारा मजकूर आपोआप हाती येतो. तो खडक खरा आहे. स्कॉटलंडच्या आर्ब्रोथ गावासमोरच्या समुद्रात आहे, आणि कविता लिहिली गेल्यानंतर काही वर्षांनी, १८११ मध्ये, त्यावर दीपगृह सुरू झालं. पुस्तकात नकाशा नाही. फोनवर शोधून एकदा बघावा. बंदर आणि खडक यांतलं अंतर डोळ्यांपुढे आलं की घंटेचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

आता दिलीप चित्रे. 'फादर रिटर्निंग होम' ही कविता ठाणे, डोंबिवली किंवा नेरूळच्या मुलांना जितकी कळायला हवी, तितकी इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांना कळणार नाही. पावसाळी संध्याकाळ, उशिराची लोकल, पिवळ्या उजेडात उभे असलेले गप्प प्रवासी, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली पिशवी. घरी पाणचट चहा आणि शिळी पोळी. शब्द बहुतेक साधे आहेत, आणि म्हणूनच मुलं 'सोपी आहे' म्हणून पुढे जातात.

इथे तीन जागी थांबायला हवं. पहिली, म्हातारा गाडीतून उतरतो त्याला दिलेली उपमा: लांबलचक वाक्यातून गळून पडलेला शब्द. वाक्य म्हणजे गाडी, आणि शब्द गळला तरी वाक्य चालूच राहतं, कोणाला काही अडत नाही, हे उत्तरात आलं तरच पूर्ण गुण. नुसतं 'सिमिली' लिहिलं तर अर्धेच. दुसरी जागा, संडासात त्याच्या मनात येणारा माणसाच्या परकेपणाचा विचार. तिथे 'मॅन' हा शब्द एकाच ओळीत दोनदा येतो, आणि माणसाने घडवलेल्या जगापासून माणूसच तुटला ही त्यातली खोच आहे. तिसरी जागा शेवट. रेडिओची खरखर ऐकत झोपताना त्याला पूर्वज आणि नातवंडं दिसतात, अरुंद खिंडीतून या उपखंडात आलेले भटके दिसतात. मुलं जोक सांगत नाहीत, गुपितं सांगत नाहीत, म्हणून तो मागच्या आणि पुढच्या पिढीकडे वळतो. मधली पिढी गायब. उत्तरांत हा शेवट हमखास 'ही ड्रीम्स ऑफ द पास्ट' एवढ्या पाच शब्दांत संपवलेला असतो.

कवितेत स्टेशनाचं नाव नाही. उत्तरात 'ठाणे' किंवा 'दादर' लिहू नये, ते आपल्या मनात असू द्यावं. चित्रे मराठीतले मोठे कवी, आणि तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे अनुवादक. त्यांचा मराठी कवितासंग्रह वाचनालयातून आणून दोन पानं चाळली तरी त्यांच्या इंग्रजीतला कोरडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे हे लक्षात येतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, आणि इंग्रजीच्या अभ्यासासाठी तिथे जावं हे कोणाला सुचत नाही.

अलंकारांच्या बाबतीत मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडे एक आयती शिदोरी असते आणि ती वापरायला त्यांना कोणी सांगत नाही. उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, श्लेष, चेतनगुणोक्ती, विरोधाभास हे शाळेत होऊन गेलेलं असतं. सिमिली, मेटाफर, ॲलिटरेशन, हायपरबोली, पन, पर्सोनिफिकेशन, पॅरॅडॉक्स ही त्याच मंडळींची इंग्रजी नावं. सांधा तंतोतंत बसत नाही तो काही ठिकाणीच. मराठीत 'जणू', 'गमे', 'भासे' आले की उत्प्रेक्षा. इंग्रजीत त्याला वेगळं खातं नाही, 'लाइक' किंवा 'ॲज' असेल तर सिमिलीतच टाकतात. यमक म्हणजे ऱ्हाइम, तो ॲलिटरेशन नव्हे. आणि ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे इथे विरामचिन्ह नव्हे. समोर नसलेल्या माणसाला किंवा निर्जीव वस्तूला, कल्पनेला उद्देशून बोलणं.

ॲलिटरेशनची चूक सर्वांत स्वस्तात सुटते. मुलं अक्षर बघतात, पण अलंकार ध्वनीचा आहे. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही 'सी' ने सुरू होतात, तरी तिथे ॲलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, तरी आहे. उपाय आपल्या लिपीतच आहे: संशय आला की ते शब्द समासात देवनागरीत लिहा. पहिलं व्यंजन एक आलं तर अलंकार आहे, नाही आलं तर नाही. इंग्रजी माध्यमातल्या मित्राला हे शिकवा, तोही वाचेल.

सिनेकडकी आणि मेटोनिमी यांत कायम गोंधळ. 'कामाला दोन हात हवेत' म्हटलं की अंगाचा एक भाग सांगून आख्खा माणूस सुचवला, ती सिनेकडकी. 'मंत्रालयाने आदेश काढला' म्हटलं की इमारत माणसांचा भाग नाही, फक्त त्यांच्याशी जोडलेली आहे, ती मेटोनिमी. भाग की नुसता संबंध, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. ट्रान्सफर्ड एपिथेटमध्ये विशेषण चुकीच्या घरी राहायला जातं: 'स्लीपलेस नाइट' म्हणताना जागा असतो माणूस आणि विशेषण मिळतं रात्रीला. उत्तरात अलंकाराचं नाव लिहून थांबू नये. कशाची तुलना कशाशी, किंवा कोणता ध्वनी कुठे, याचं एक वाक्य लागतं. नुसतं नाव म्हणजे अर्धा गुण हातचा घालवणं.

कवितेच्या प्रश्नात दोन गुण स्वतःच्या चार ओळी रचण्याचे असतात. हे दोन गुण सोडून देणारी मुलं पाहून वाईट वाटतं. महाकाव्य मागितलेलं नाही. दिलेल्या विषयावर चार ओळी, दोन-दोन ओळींची यमकं, आणि एकच चित्र: पाऊस असेल तर पाऊस, नदी असेल तर नदी. आधी यमकाच्या दोन जोड्या समासात लिहायच्या, मग ओळी मागे बांधायच्या. पुढून लिहायला गेलं की चौथ्या ओळीला हमखास अडतं.

रसग्रहण चार गुणांचं आणि मुद्दे प्रश्नातच दिलेले: कविता आणि शीर्षकाबद्दल, शैली व अलंकार, संदेश, स्वतःचं मत. गाईडमधलं पाठ केलेलं रसग्रहण इथे दोन ठिकाणी पकडलं जातं. पहिलं, प्रश्नात कवितेचा ठरावीक उतारा असतो आणि पाठांतरात भलत्याच कडव्यातला अलंकार असतो. दुसरं, 'मला ही कविता फार आवडली कारण ती प्रेरणादायी आहे' हे वाक्य आठही कवितांना सारखंच लागतं. मत म्हणजे एका ओळीचं नाव घेऊन ती का खटकली किंवा का भिडली ते सांगणं. न आवडल्याचं लिहिलं तरी चालतं, कारण द्यावं लागतं.

गद्य विभाग चढ-उतारांचा आहे. आर. के. नारायण आणि ओ. हेन्री या दोन कथा पहिल्या प्रतीच्या, आणि त्या एकापाठोपाठ वाचाव्यात, कारण दोन्हींत नियतीची थट्टा आहे पण जात वेगळी. नारायण यांच्या ज्योतिषाला काहीच येत नाही, तरी गिऱ्हाइकाला तो खरं सांगतो, कारण ते गिऱ्हाईक म्हणजे त्यानेच एकदा मारून विहिरीत टाकलेला माणूस. कमाई किती? साडेबारा आणे. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा, कारण ठरलेल्या एका रुपयातही त्याला त्या माणसाने फसवलेलं असतं. ओ. हेन्रीचा 'सोपी' नावाचा नायक हिवाळ्याचे तीन महिने तुरुंगात काढावेत म्हणून एकामागून एक गुन्हे करतो, कोणी पकडत नाही. चर्चमधलं संगीत ऐकून सुधारायचं ठरवतो आणि तिथेच पकडला जातो. याला सिच्युएशनल आयरनी म्हणतात. उत्तरात 'शेवटी ट्विस्ट आहे' लिहिणं पुरत नाही. काय अपेक्षित होतं आणि काय घडलं, दोन्ही बाजू शेजारी ठेवाव्या लागतात. सोपीच्या फसलेल्या प्रयत्नांची क्रमवार यादी करून ठेवा. घटनांचा क्रम लावण्याचा प्रश्न इथे अगदी बसतो.

गार्डिनरचा 'ऑन सेइंग प्लीज' मुलांना जुनाट वाटतो. ठाण्याच्या टीएमटी किंवा नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून जुंपलेलं भांडण ज्याने पाहिलंय, त्याला तो जुनाट वाटू नये. मुद्दा सभ्यतेचा नाही, कायदा कुठे संपतो आणि वागणूक कुठे सुरू होते याचा आहे: लिफ्टवाल्याने उद्धट प्रवाशाला ढकललं तर कायदा लिफ्टवाल्यालाच दोषी धरतो, कारण उद्धटपणा हा गुन्हा नाही. एवढं पकडलं की पाठ संपला.

व्हर्जिनिया वूल्फच्या 'द न्यू ड्रेस'वर मात्र सगळे आपटतात, आणि दोष मुलांचा नाही. संज्ञाप्रवाहाची, म्हणजे पात्राच्या मनातले विचार येतील तसे मांडणारी कथा वाचायला देताना ती कशी वाचायची हे पुस्तक नीट सांगत नाही. घडतं फार थोडं: मेबल पिवळा रेशमी पोशाख घालून पार्टीला येते, लोकांशी दोन-चार वाक्यं बोलते, निघून जाते. बाकी सगळं तिच्या डोक्यात. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. बाहेर जे खरोखर बोललं आणि केलं गेलं त्याला एक रंग, मनातल्या गोष्टीला दुसरा. पहिला रंग पानावर किती कमी आहे हे दिसलं की तंत्र समजलं. बशीतल्या माशीची प्रतिमा किती वेळा परत येते ते मोजा. रसिक उत्तराची सुरुवात तिथून करता येते.

'बिग डेटा' हा पाठ साहित्याच्या पुस्तकात का आहे, याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही. तंत्रज्ञानाचा लेख पाच वर्षांत शिळा होतो, ओ. हेन्री शंभर वर्षांत झालेला नाही. हा पाठ एकदा वाचून नोट-मेकिंगच्या सरावाला वापरावा. पिको अय्यर यांचा प्रवासावरचा निबंध उत्तम, पण वाक्यं लांब आणि संदर्भ दाट; एका बैठकीत दोन पानांपेक्षा जास्त घेऊ नये. किरण पुरंदरे आणि अच्युत गोडबोले यांचे पाठ सरळ आहेत. हे दोघे मूळचे आपल्या भाषेतले लेखक, तेव्हा मराठीतही वाचावेत.

कादंबरी विभागाकडे परत येऊ, कारण पुस्तकाची खरी अडचण तिथे आहे. सुरुवातीला कादंबरीच्या इतिहासाचा पाठ, मग तीन उतारे: ब्रेथवेट यांची 'टू सर, विथ लव्ह', व्हर्न आणि कॉनन डॉइलची 'द साइन ऑफ फोर'. इतिहासाचा पाठ म्हणजे नावांची आणि प्रकारांची लांब माळ. त्यावर चार गुण आहेत, बाकी बारा उताऱ्यांवर. इतिहासासाठी दोन रकाने पुरेत: प्रकार आणि त्याची एका ओळीतली ओळख. पत्रांतून उलगडते ती एपिस्टोलरी, भटक्या लबाड नायकाची ती पिकारेस्क, भुताटकीच्या वाड्यातली ती गॉथिक. परिच्छेद पाठ करण्यात वेळ घालवू नये.

उताऱ्यांचं दुखणं असं की प्रश्न विचारले जातात कथानक, पात्रं, वातावरण आणि आशय यांवर, म्हणजे आख्ख्या कादंबरीवर विचारावेत तसे, आणि हातात मात्र तुकडा. उपाय फुकट आहे. व्हर्न आणि डॉइल यांच्यावर आता कोणाचा हक्क राहिलेला नाही, पूर्ण पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात. 'द साइन ऑफ फोर' १८९० ची, फक्त बारा प्रकरणं. रोज एक धरलं तर बारा दिवस. आणि ती वाचण्याचं आपल्यासाठी खास कारण आहे: मेरी मॉर्स्टनला दरवर्षी टपालाने येणाऱ्या मोत्याचा माग शेवटी १८५७ मधल्या आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानच्या कैद्यांपर्यंत जातो. उतारा वाचून हे रहस्य लंडनच्या धुक्यातलं वाटतं. पूर्ण वाचल्यावर ते हिंदुस्थानातल्या लुटीचं आहे हे कळतं. त्यात अंदमानच्या आदिवासी माणसाचं जे चित्र आहे ते खोटं आणि अपमानकारक आहे, हेही वाचताना डोळ्यांआड करू नये. अशी टिप्पणी नेमक्या कारणासह उत्तरात आली तर वजन वाढतं.

व्हर्नची सगळी ३७ प्रकरणं वाचायला वेळ नसेल तर १० ते १५ वाचावीत. मुंबईत मलबार हिलच्या देवळात फॉगचा नोकर पासपार्टू याचे जोडे जाण्यापासून कलकत्त्याच्या कोर्टापर्यंतचा हिंदुस्थान त्यांत येतो, ठाण्यासकट. मग उतारा. उताऱ्यातला कळीचा मुद्दा एका दिवसाचा, आणि तो कित्येक उत्तरपत्रिकांत उलटा लिहिलेला असतो. ८० दिवसांत जगप्रदक्षिणा करायची पैज लावून फॉग पूर्वेकडे गेला. पूर्वेकडे जाणाऱ्याला प्रत्येक अंशामागे सूर्य चार मिनिटं लवकर भेटतो. ३६० अंशांचे १४४० मिनिटं, म्हणजे नेमके चोवीस तास. त्याने सूर्योदय ८० पाहिले, लंडनमधल्या त्याच्या मित्रांनी ७९. म्हणून त्याला वाटतं आपण शनिवारी रात्री पाच मिनिटं उशिरा पोचलो, प्रत्यक्षात तो शुक्रवार असतो. पश्चिमेकडे गेला असता तर एक दिवस गमावला असता. 'त्याने घड्याळ लावलं नव्हतं' असं कारण लिहिणारी मुलं दोष पासपार्टूच्या घड्याळावर ढकलतात. चूक तारखेची आहे, वेळेची नाही.

ब्रेथवेट यांची कादंबरी १९५९ ची, हक्काखाली आहे, म्हणून ती वाचनालयातूनच आणावी लागेल. ब्रिटिश गयानातून आलेला काळा शिक्षक लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शिकवतो. पुस्तकातल्या उताऱ्यात विद्यार्थी परिषदेचा अहवाल आहे. त्यात मुलं आपण काय शिकलो ते स्वतः उभं राहून सांगतात. वर्णद्वेषाचा ताण या उताऱ्यात पुरेसा दिसत नाही, तो आधीच्या प्रकरणांत आहे. त्याशिवाय 'सर' या शब्दाला शीर्षकात एवढं वजन का, हे कळणं कठीण.

कादंबरीची उत्तरं साधारण पन्नास शब्दांत अपेक्षित असतात. पन्नास शब्द म्हणजे चार-पाच वाक्यं: एक विधान, उताऱ्यातल्या दोन घटना, एक निष्कर्ष. दीड पान लिहून गुण वाढत नाहीत, पुढच्या प्रश्नाचा वेळ मात्र जातो.

लेखनकौशल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्टेटमेंट ऑफ पर्पज, व्हर्च्युअल मेसेज, ग्रुप डिस्कशन हे विषय कामाचे आहेत आणि नमुने बरे आहेत. व्हर्च्युअल मेसेजमध्ये दिलेल्या संभाषणाबाहेरची माहिती घातली की गुण कापतात, एवढं ध्यानात ठेवावं.

गाईड घ्यावं का? शब्दार्थांसाठी घ्या, उत्तरांसाठी नको. गाईडमधला कवितेचा सारांश दिसायला सोयीचा असतो, पण त्यात कवितेची एक ओळही शिल्लक राहत नाही, आणि प्रश्न येतो ओळींवर. घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत क्लासची पाटी नाही असा चौक सापडणं अवघड. इंग्रजीसाठी क्लास लावायचाच तर फी विचारण्याआधी तपासलेली एक उत्तरपत्रिका दाखवायला सांगा. समासात 'गुड', 'इम्प्रूव्ह' एवढंच लाल शाईत असेल तर पैसे वाचवा. 'ही उपमा कशाची?' असा प्रश्न लिहिलेला दिसला तर तिथे शिकवलं जातं.

पुस्तक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतं. गद्यासाठी ते पुरतं. कवितेसाठी नाही: फोनवर अक्षर मोठं केलं की ओळीचं टोक पडद्याबाहेर जातं, आणि व्हिटमनच्या लांब ओळी कुठे संपतात तेच दिसत नाही. निदान कविता आणि कादंबरीचा विभाग झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूने छापून घ्यावा, पाठची कोरी बाजू टिपणांना होते. छापील पुस्तक जुनं घेतलं तरी चालतं, फक्त कवितांची पानं उघडून बघा. शाईने ओळींमध्ये मराठी अर्थ लिहिलेली प्रत घेऊ नका. पेन्सिलीने असेल तर खोडरबर घेऊन बसा आणि चित्र्यांच्या कवितेपासून सुरुवात करा.